गेंड्याचा पुरावा

मुलुंड पूर्वेला मी ज्यांच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहिलो, त्या काकांचं नाव मी इथे लिहिणार नाही. परवानगीशिवाय आपलं नाव कुठे आलेलं त्यांना खपत नसे. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ज्येष्ठ नागरिकांचे वाढदिवस लिहायची टूम निघाली, तेव्हा त्यांनी सेक्रेटरीला गाठून विचारलं होतं, "माझा वाढदिवस त्याच दिवशी आहे, याचा पुरावा काय तुमच्याकडे?" सेक्रेटरीने मुकाट्याने नाव काढून टाकलं. पुढे ती तारीख आली तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर दार उघडं टाकून बसले होते. कुणी आलं नाही. संध्याकाळी मी कामावरून परतलो तर म्हणाले, "आज वारा बरा येतोय दारातून."

"पुरावा काय?" हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. मी जिंतूरचा. वडील शिलाईकाम करतात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. पवईतल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि कुणीतरी हा पत्ता दिला म्हणून मी बॅग घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. शिक्षण विचारलं, मी बी.कॉम. म्हणालो, आणि त्यांनी तो प्रश्न टाकला. मी बॅगेतून प्रमाणपत्र काढून दिलं. ते लॅमिनेट केलेलं होतं. आमच्याकडे सगळेच करतात. माझ्या वेळी तर वडील स्वतः झेरॉक्सच्या दुकानात उभे राहिले होते, बुडबुडा राहू नये म्हणून.

काकांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, खिडकीच्या उजेडाला धरलं. म्हणाले, "लॅमिनेशन करायला नको होतं. उद्या कुणाला यावर शिक्का मारायचा असेल तर?"

मी म्हटलं, "वडिलांनी करून घेतलं. खराब होऊ नये म्हणून."

त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी माझं फ्रेम करून लावलं होतं. लालबागच्या खोलीत, देवाच्या वर. उदबत्तीच्या धुराने काळं पडलं. ये आत, चप्पल डावीकडे काढ."

काकांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. काका शिकले, एका विमा कंपनीच्या फोर्टच्या कचेरीत चिकटले आणि क्लेम खात्यातून निवृत्त झाले. जळालेली दुकानं, बुडालेल्या होड्या, दरीत गेलेले ट्रक, अपघातात गेलेली माणसं, हे सगळं कागद होऊन त्यांच्या टेबलावर यायचं आणि त्यातलं खरं किती ते त्यांनी ठरवायचं. नोकरी सुटली, पण तो प्रश्न तोंडातून सुटला नाही. आंबेवाला देवगड म्हणाला की पुरावा काय. शेजारच्या काकू "आज बरे दिसताय" म्हणाल्या की पुरावा काय. एकदा टीव्हीवरच्या निवेदिकेने "आपण पाहताच आहात" असं म्हटलं, तर तिलासुद्धा त्यांनी विचारलं. शेजारपाजारची माणसं हळूहळू त्यांच्याशी बोलायचं टाळू लागली. गंमत किती दिवस वाटणार? जिन्यात ते दिसले की लोकांना फोन आठवायचा.

त्यांच्याशी मनापासून बोलणारे लोक म्हणजे क्रेडिट कार्ड विकायला फोन करणारे. आपण असे फोन कापतो. काका खुर्ची ओढून बसत. "तुम्ही बँकेतूनच बोलताय याचा पुरावा काय?" इथून सुरुवात करून ते त्या मुलाला त्याचं गाव, जेवण, साहेबाचा स्वभाव, सगळं विचारत. शेवटी तो बिचारा "काका, आता ठेवू का?" म्हणून विनवत असे. ठेवल्यावर काका खुशीत असत. "नांदेडचा आहे. आईला गुडघ्याचा त्रास आहे," असं मला सांगत. त्याचा पुरावा त्यांनी मागितलेला नसे.

ज्यांच्याशी संबंध उरला नाही अशा नातेवाइकांना ते 'एक्सक्लुजन' म्हणत. पॉलिसीत कशाकशाची भरपाई मिळणार नाही त्याची यादी असते, तिला त्यांच्या खात्यात हा शब्द होता. तशी माणसं फारशी राहिलीही नव्हती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भाऊ-बहीण आधीच गेलेले. स्वतःचा विमा मात्र त्यांनी कधी उतरवला नव्हता. "मी आत बसून बघितलंय," म्हणत. "पैसे द्यायला बसवलेला माणूस दिवसभर न देण्याचं कारण शोधत असतो. चांगला माणूस असला तरी. मी चांगलाच होतो."

आता गेंड्याची गोष्ट.

काका नोकरीत असताना आसामातल्या एका चहाच्या मळ्यातल्या हिशेबनिसाचा क्लेम त्यांच्याकडे आला होता. म्हणणं असं, की गेंड्याने धडक देऊन त्याची जीप उलथवली. काकांनी विचारलं, गेंड्याचा पुरावा काय? त्याने उलट टपाली कळवलं, की गेंडा सही करायला थांबला नाही. काकांनी क्लेम नामंजूर केला. खात्यात त्यावर बरेच दिवस हसणं चाललं, कॅन्टीनवाल्यालाही पाठ झालं होतं ते. पण निवृत्तीनंतर, रिकाम्या घरात, काकांना हसू येईनासं झालं. जेवताना मध्येच थांबून ते विचारत, "जीप केवढी असते रे? आणि गेंडा केवढा?" मी मोबाइलवर चित्रं दाखवी. ते मान हलवत. "फोटोत वजन कळत नाही. समोर उभं राहून बघायला पाहिजे. एकदा बघितलं म्हणजे झालं."

म्हणून त्यांनी मुलुंडच्याच एका टूर कंपनीची आसाम-मेघालयाची सहल ठरवली. आयुष्यातली पहिली. तोवर त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास मालवणचा. नवे बूट आणले आणि ते रोज संध्याकाळी घरातल्या घरात घालून फिरू लागले. सवय व्हावी म्हणून एकदा जिन्यानेही वरखाली करून झालं. जिन्यात भेटेल त्याला, विचारलेलं नसताना, "नोव्हेंबरात नाही मी. आसामला," असं सांगत. आपण घरात नसणार हे कुणाला तरी कळायला हवं, असं त्यांना वाटत असावं.

सगळं ठरलं, आणि टूर कंपनीतल्या सायलीने विचारलं, "काका, ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यायचा ना? सक्तीचा नाही, पण सीनियर सिटिझनना आम्ही सांगतोच."

झालं. ती सहल बाजूला राहिली आणि पुढचे काही आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. विमा घ्यावा की घेऊ नये. सायली पंचविशीची, ठाण्याहून येणारी, शांत मुलगी. काका तिच्याकडून पॉलिसीची प्रत घेऊन आले, भिंग लावून वाचून काढली, आणि शंका विचारायला रोज तिच्या ऑफिसात जाऊ लागले. बॅग हरवली तर, विमान चुकलं तर, तिकडे आजारी पडलो तर. ती चहा मागवायची. मला वाटतं तिला त्यांची सवय झाली होती. एखादा दिवस गेले नाहीत की दुसऱ्या दिवशी विचारायची, "काका, काल सुट्टी?"

एका शनिवारी ते मलाही घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी सहल रद्द होण्याचं कलम काढलं होतं. निघण्याआधी घरातल्या जवळच्या माणसाला इस्पितळात ठेवावं लागलं आणि त्यामुळे सहल रद्द करावी लागली, तर पैसे परत, असं ते कलम.

"हे माझ्यातून काढून टाक," काका म्हणाले.

"का काका? चांगलं आहे ते."

"चांगलं असेल. पुढे वाच, जवळचं माणूस म्हणजे कोण ते दिलंय."

तिने वाचलं. आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलं, भाऊ, बहीण. प्रत्येक शब्दाला काका "नाही" म्हणत गेले. आवाजात काही नव्हतं. हजेरी घेताना गैरहजर मुलांची नावं वगळत जावं तसं.

"बघ. आजारी पडायला माझ्याकडे कुणीच शिल्लक नाही. ज्याची मला भीतीच नाही, त्याचे पैसे मी का भरू? तेवढे कमी कर."

सायलीने मान खाली घातली. "काका, पॉलिसी अशी तुकड्यात नाही मिळत. पूर्ण घ्यावी लागते."

"मग नको," ते म्हणाले आणि उठले.  घरी जाताना मी रस्ताभर पाहत होतो, समोरून येणाऱ्या माणसांना ते जरा जास्तच वाट करून देत होते.

खरं सांगायचं तर मला त्या विम्याची फारशी समज नव्हती. पण त्यांनी एकट्याने, त्या वयात, इतक्या लांब, काहीच न घेता जावं हे पटत नव्हतं. घरी फोनवर बोलताना मी वडिलांना सांगितलं तर तेच माझ्यावर चिडले. "म्हाताऱ्या माणसाला असं सोडतोस का? सांग त्यांना." मग दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी विषय काढला. घेऊन टाका काका, म्हटलं.

"तुझं काय जातंय?"

"तुम्ही तिकडे असाल, मी इथे. मला काळजी लागून राहील."

"पुरावा काय?"

नेहमीचंच वाक्य, पण या वेळी ते माझ्याकडे बघत होते.  काळजीचा पुरावा काय देणार? मी कपबशा उचलल्या आणि विसळायला घेतल्या.

त्या संध्याकाळी ते सायलीकडे जाऊन विमा घेऊन आले. अख्खा. ते कलम धरून.  रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "सायली फार हसली आज."

सहल तोंडावर आली आणि मला ताप भरला. त्यांच्या घाईत विघ्न नको म्हणून मी लपवला. आंघोळ करून, गोळी घेऊन कामावर जात राहिलो. एका सकाळी माझा चहा तसाच राहिलेला त्यांनी पाहिला, कपाळाला हात लावला आणि एरवी कधी न ऐकलेली भाषा त्यांच्या तोंडून आली. "मेल्या, कालच सांगूक काय झाला तुका?" रिक्षात बसेपर्यंत ते मालवणीतच रागावत होते.

डेंग्यू निघाला. प्लेटलेट उतरत होत्या, ठेवून घ्यावं लागेल, डॉक्टर म्हणाले. घरून कुणाला बोलवायची सोय नव्हती. वडील दुकानाच्या पायरीवरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये, आई त्यांना सोडून येणार कशी. मी दोघांना नुसता ताप आहे असंच सांगितलं. इस्पितळात काउंटरवरच्या बाईने विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे? काका म्हणाले, "मी." तिने विचारलं, तुम्ही कोण? मी पुढे होऊन "काका आहेत" म्हणालो आणि तिने लिहून घेतलं. काका तिच्याकडे बघतच राहिले. तिने पुरावा मागितला नव्हता.

ते माझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून असत. नारळपाणी आणत, डॉक्टरांना उलटसुलट विचारत. निघायची वेळ जवळ आली तेव्हा मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही जा, मी आता बरा होत चाललोय.

"तुला डेंग्यू आहे, त्याचा रिपोर्ट आहे इथे," ते म्हणाले. "मी गेल्यावर तू बरा होशील याचा काय आहे?"

मग बाहेर जाऊन त्यांनी सायलीला फोन केला. विमान सुटलं त्या वेळी ते मला मोसंबी सोलून देत होते. मी रडायला लागलो तर म्हणाले, "गेंडा कुठे जात नाही. हजारो वर्षं तिथेच आहे."

मी घरी आल्यावर, अंगात थोडी ताकद आल्यावर, त्यांनी मला लॅपटॉप उघडायला लावला. सहल रद्द झाल्याचा क्लेम करायचा होता. मी म्हटलं, काका, तुम्हाला माहीत आहे हे मिळणार नाही. ते म्हणाले, माहीत आहे म्हणूनच नीट करू. सायलीचंही मत तेच होतं, तरी तिने सगळे कागद पाठवून दिले. भरता भरता एका रकान्याशी मी अडलो. आजारी व्यक्तीशी नातं.

"काय लिहू?"

काका खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "लिही, घरातला माणूस."

कंपनीचं उत्तर लवकर आलं. नात्याचा पुरावा जोडावा. मी ते मोठ्याने वाचलं, तेव्हा ते सरळ होऊन बसले. जणू इतकी वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस आज पहिल्यांदा या बाजूच्या खुर्चीत आला होता. खरोखर होतंच तसं.

"घे लिहून," म्हणाले आणि सांगू लागले. "सदर व्यक्ती माझ्या घरी राहते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या हे मला कळण्याआधी त्याला कळतं. त्याला कारलं आवडत नाही. तो कामावरून येईपर्यंत मी दाराची आतली कडी लावत नाही. आला की जिन्यात पावलांवरून कळतं. दिवाळीला तो गावी गेला तेव्हा मी..." तिथे थांबले.

मी टाइप करत होतो. अक्षरं मला दिसत नव्हती.

"खोड," ते म्हणाले. "सगळं खोड. याला पुरावा म्हणत नाहीत. असं लिहिलेलं कितीतरी यायचं माझ्याकडे. पानंच्या पानं. मी कधी ग्राह्य धरलं नाही."

"राहू द्या ना काका. पाठवून बघू."

"खोड म्हटलं ना रे."

मी खोडलं. मग त्यांनी सांगितलेलं एकच वाक्य लिहिलं. पुरावा उपलब्ध नाही. ते पाठवलं. नामंजुरीचं पत्र आलं ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. मीही हेच केलं असतं." त्या रात्री त्यांनी कारल्याची भाजी केली होती. माझ्यासाठी वेगळा बटाटा होता.

त्या हंगामातल्या बाकीच्या सहली भरलेल्या होत्या आणि पावसाळ्यात काझीरंगाचं जंगल बंद असतं. सायलीने पुढच्या हंगामाच्या सहलीत त्यांचं नाव धरून ठेवलं होतं. काका पुन्हा बूट घालून घरात फिरू लागले. पण उन्हाळ्यातच, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. मी कामावर होतो. आलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आतली कडी लावलेली नव्हती.

घर कुणा चुलत पुतण्याकडे गेलं. त्याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याकडे कागद होते. तो माणूस वाईट नव्हता. त्याने मला दुसरी जागा शोधायला वेळ दिला आणि तुम्हाला आठवण म्हणून काही हवं का असंही विचारलं. मी भिंग मागून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच टूर कंपनीतून आसामला गेलो. सायली अजून तिथेच आहे. तिने चहा मागवला आणि विम्याचं विचारलं. मी घेतला. कलमं न वाचता घेतला.

जंगलात उघड्या जीपमधून नेतात. सकाळचं धुकं होतं. उंच गवत हललं आणि तो बाहेर आला. फोटोत खरंच कळत नाही. तो चालत नव्हता, जमीन त्याच्याखाली सरकत होती असं वाटलं. आमच्या जीपसमोर थांबून त्याने मान वर केली, तर ती बॉनेटच्याही वर होती. मी ड्रायव्हरला हळू आवाजात विचारलं, हा गाडी उलथवू शकतो का? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हे काय विचारणं झालं. म्हणाला, चिडला तर खेळण्यासारखी उलथवेल. मग हळूच गाडी मागे घेतली.

मी सगळं मोबाइलमध्ये घेतलंय. गेंडा, जीपचं बॉनेट, दोन्ही एका चौकटीत, वजन कळेल असं. ड्रायव्हरचा आवाजही आहे त्यात. जिंतूरला घरी दाखवलं, ऑफिसात दाखवलं. सगळे बघतात, वा म्हणतात आणि लगेच मान्य करून टाकतात.